सेवेतला मीपणा प्रार्थनेने हटत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळीतल्या (चर्चमधल्या) गायनपथकाची जबाबदारी तुम्ही बरीच वर्षे सांभाळलीत. नवे पाळक आले, त्यांनी ती एका तरुणाकडे दिली आणि ही गोष्ट तुम्हाला रविवारच्या उपासनेत, इतर सगळ्यांबरोबरच कळली. तेव्हापासून आत काहीतरी सलते आहे. हा आपला मीपणा आहे हे तुम्हाला पटते. त्यासाठी तुम्ही उपवास-प्रार्थनाही केलीत. तरी तो तरुण गाणे सुरू करतो आणि पहिले कडवे संपायच्या आत त्याच्या चुका तुमच्या मनात मोजून झालेल्या असतात. हे 'स्वतःला महत्त्वाचे समजणे' सोडायचे कसे, आणि ते सुटेपर्यंत सेवाच थांबवावी का, असे तुम्ही विचारले आहे.

पाळक म्हणून काम करताना आणि नंतर सेवकांना शिकवताना हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. संडे स्कूल चालवणाऱ्यांकडून, हिशोब ठेवणाऱ्यांकडून, उपदेशकांकडून, आणि वेदीवरची फुले रचणाऱ्या बाईंकडूनही. पद लहान असो की मोठे, दुखणे तेच असते.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या सांगण्यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. एक, तुमचा झालेला अपमान. दुसरी, तुमचा मीपणा. इतकी वर्षे काम केलेल्या माणसाला एका शब्दाने न सांगता बाजूला करणे ही पुढाऱ्यांची चूक आहे आणि त्याचे वाईट वाटणे हे पाप नाही. मंडळ्यांमध्ये पुष्कळदा असे होते, की सेवकाने जरा तोंड उघडले की त्याला ऐकवतात, 'प्रभूसाठी करता ना, मग मानाची अपेक्षा कशाला?' बोलणाऱ्याची गैरसोय टळते आणि ऐकणारा आपलेच चुकले असे समजून गप्प बसतो. नम्रतेचा असा वापर मला मुळीच मान्य नाही.

प्रेषित पौलाचे फिलिप्पै शहरातले वागणे पाहा (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६). चौकशी न करता त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चारचौघांत फटके मारले, तुरुंगात टाकले, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी 'त्यांना सोडून द्या' असा निरोप पाठवून प्रकरण मिटवायला पाहिले. पौल तसाच निघून गेला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, मारले उघडपणे आणि घालवता गुपचूप? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. ते आले आणि त्यांनी विनवणी केली. आता गंमत अशी, की ख्रिस्ताने स्वतःला रिकामे केले, दासाचे रूप घेतले, तीच वृत्ती तुमच्यात असू द्या, हा नम्रतेवरचा सगळ्यांत प्रसिद्ध उतारा पौलाने पुढे याच फिलिप्पैच्या मंडळीला लिहिला. तिथल्या जुन्या लोकांना त्याचे त्या सकाळचे वागणे आठवत असणारच. त्यांना त्यात विसंगती दिसली असेल असे मला वाटत नाही.

मग आपल्या मनातले किती न्यायाचे आणि किती मीपणाचे, हे कसे ओळखायचे? मी लोकांना एक कल्पना करायला सांगतो. समजा, पाळक उद्या तुमच्या घरी आले. म्हणाले, 'तुम्हाला आधी सांगायला हवे होते, माझे चुकले, मला क्षमा करा.' अगदी मनापासून म्हणाले. पण गायनपथक मात्र त्या तरुणाकडेच राहिले. तुमचे मन शांत होईल? घाईने उत्तर देऊ नका. 'हो' आले, तर तुमची तक्रार न्यायाची आहे आणि तिच्यासाठी मत्तय १८:१५ चा मार्ग आहे: एकांतात जा, त्यांनाच सांगा, आणि त्यांना सांगण्याआधी इतर कुणाला सांगू नका. 'नाही' आले, म्हणजे क्षमा मागूनही काहीतरी उरतेच आहे असे दिसले, तर त्या उरलेल्याबद्दल पुढचे लिहितो. बहुतेकांच्या मनात दोन्ही निघतात. तुमच्याही निघतील.

सेवेतला मीपणा फुशारकी मारत फिरत नाही, म्हणून तो सापडत नाही. तो भक्तीचेच कपडे घालून येतो. 'मला एक दिवस सुट्टी नाही हो', 'मी नसले की कुणाला काही सुचत नाही', 'रात्री-अपरात्री फोन येतात, काय करणार' ही वाक्ये तक्रारीच्या सुरात म्हटली जातात, पण म्हणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहा. साक्ष देताना 'देवाने मला वापरले' म्हणतात, त्यातला जोर कुठल्या शब्दावर पडतो तेही ऐका. वार्षिक कार्यक्रमात आभार मानले जात असतात तेव्हा आपले नाव येईपर्यंत श्वास रोखलेला असतो. आणि प्रार्थनासभेत डोळे मिटून देवाशी बोलण्याच्या निमित्ताने शेजारी बसलेल्या माणसाला उपदेश करणे, ही तर आपली खास कला! प्रार्थना ऐकणाऱ्या देवाला सगळे आधीच ठाऊक असते. ते कुणाला कळावे म्हणून बोलले जात आहे हे सभेतल्या प्रत्येकाला समजते.

या लपण्याबद्दल पाचव्या शतकात जॉन कॅसियन नावाच्या संन्याशाने फार नेमके लिहून ठेवले आहे. त्याचे म्हणणे असे, की इतर विकार हरले की दुबळे होतात, पण मानाची हाव पडली की तिथूनच पुन्हा उठते. भारी कपड्यांनी ती माणसाला फुगवू शकली नाही तर मळक्या कपड्यांनी फुगवते, वक्तृत्वाने जमले नाही तर मौनाने. त्याने कांद्याची उपमा दिली आहे: एक पापुद्रा काढावा तर खाली दुसरा. उपवासाने मीपणा गेला नाही असे तुम्ही लिहिता, त्याचे कारण इथे आहे. उपवास चुकला असे नाही. पण 'मी माझ्या अहंकाराशी झगडत आहे' या झगड्याच्या मध्यभागीही 'मी'च बसलेला असतो. दिवसभर स्वतःच्या नम्रतेची नाडी तपासत बसलेला माणूस त्या तरुणाकडे पाहील कधी?

एलीयाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण ती या दृष्टीने पुन्हा वाचा (१ राजे १८ आणि १९). 'परमेश्वराचा संदेष्टा असा मी एकटाच उरलो आहे,' हे तो कर्मेल डोंगरावर म्हणतो आणि नंतर होरेब डोंगरावर दोनदा, जवळजवळ त्याच शब्दांत म्हणतो. पाठ केलेल्या तक्रारीसारखे. आता अठराव्या अध्यायाची सुरुवात पाहा: राजाचा कारभारी ओबद्या याने त्याला तोंडावर सांगितले आहे, की मी शंभर संदेष्टे गुहांत लपवून जगवले. म्हणजे तो एकटा नाही हे एलीयाला ठाऊक होते. तरी मोजताना ते शंभर त्याच्या हिशोबात आले नाहीत. थकलेल्या सेवकाचे गणित असेच चालते. दुसऱ्यांनी केलेले काम त्याला दिसते, पण ते काम म्हणून मोजले जात नाही.

देव त्याला काय करतो? आधी झोपू देतो, खाऊ घालतो, पुन्हा झोपू देतो. (मीपणाचा निम्मा भाग कित्येकदा निव्वळ थकवा असतो, हे अनुभवाने सांगतो. महिनाभर नीट झोपलेल्या माणसाला सहकारी तितके नालायक वाटत नाहीत.) मग शेवटी दोन गोष्टी सांगतो. बाल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत, आणि तुझ्या जागी अलीशाला अभिषेक कर. हजाएल आणि येहू यांनाही राजे म्हणून अभिषेक करायला सांगितले होते. पुढे वाचत गेलात तर दिसते, की यांपैकी अलीशाचे बोलावणे तेवढे एलीयाच्या हातून झाले. हजाएलाकडे गेला तो अलीशा, आणि येहूला तेल लावले ते अलीशाने पाठवलेल्या एका तरुण शिष्याने, ज्याचे नावसुद्धा दिलेले नाही (२ राजे ८ आणि ९). एलीयाला दिलेले काम एलीया गेल्यावर पुरे झाले. कुणीही ते अपुरे राहिले असे म्हणत नाही.

याहून अस्वस्थ करणारा प्रसंग मरीबा या ठिकाणचा आहे. मोशे म्हणजे पृथ्वीवरच्या सर्व माणसांत नम्र, असे गणना १२ मध्ये म्हटले आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात एलदाद आणि मेदाद छावणीत संदेश देऊ लागले, यहोशवा चिडून 'त्यांना मना कर' म्हणाला, तेव्हा मोशे म्हणाला, परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरे झाले असते! हाच मोशे विसाव्या अध्यायात, लोकांच्या कुरकुरीने टेकीला येऊन ओरडतो, 'आम्ही तुमच्यासाठी या खडकातून पाणी काढावे काय?' आम्ही! खडकाशी बोल असे सांगितले होते, त्याने काठीने दोनदा मारले. आणि पाणी आले. भरपूर आले. लोक प्याले, जनावरे प्याली.

या पाण्याचा मी खूप विचार केला आहे. सेवकाची चूक झाली, तरी तहानलेल्यांना पाणी मिळाले. म्हणजे सेवेला फळ आले यावरून सेवक बरोबर होता असे सिद्ध होत नाही. 'माझ्या गाण्याने लोक रडले', 'माझ्या प्रार्थनेने तो बरा झाला', 'माझ्या काळात मंडळी वाढली', हे सगळे खरे असेल. त्याचा अर्थ एवढाच, की देवाला लोकांची तहान दिसली. मीपणाचा सगळ्यांत मोठा पुरावा आपण नेहमी इथूनच आणतो आणि तो पुरावा टिकत नाही. उलटही खरे आहे. त्या तरुणाचा सूर थोडा ढळला तरी मंडळी उपासना करतेच. तुम्ही चुका मोजत असता तेव्हा तुमच्या पुढच्या रांगेतली एखादी बाई त्या गाण्यावर डोळे पुसत असू शकते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्वतःला हिणवून मीपणा जात नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. 'मी काय, धुळीचा कण' असे म्हणत राहणारे सेवक मी पुष्कळ पाहिले. त्यातले काही खरेच साधे होते. बाकीच्यांच्या त्या बोलण्यात एक छोटी फट असायची, 'छे छे, असं काय म्हणता, तुमच्यामुळेच तर...' असे दुसऱ्याने म्हणावे यासाठी ठेवलेली. कुणी तसे म्हटले नाही की चेहरा उतरायचा. कुणी कौतुक केले तर 'आभारी आहे' म्हणावे आणि विषय तिथे संपू द्यावा. कौतुक नाकारण्यात पाच मिनिटे घालवणे म्हणजे ते पाच मिनिटे चघळणे.

योहान १३ नीट पाहा. येशू शिष्यांचे पाय धुतो हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्यातून 'खाली वाका' एवढा धडा घेतो. पण योहान पाय धुण्याच्या आधी एक वाक्य लिहितो, ते आपण घाईत ओलांडतो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आहोत आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू भोजनावरून उठला आणि त्याने कंबरेला रुमाल बांधला. आपण कुणीच नाही असे वाटले म्हणून तो वाकला नाही. आपण कोण हे त्याला पक्के ठाऊक होते. ज्याची जागा कुणी हिरावू शकत नाही त्याला गुडघे टेकताना काही गमावल्यासारखे वाटत नाही. आता तीच खोली शिष्यांच्या बाजूने पाहा. लूक सांगतो, की त्याच रात्री त्यांच्यात आपल्यापैकी मोठा कोण यावरून वाद झाला. जागेची खात्री नसलेली माणसे जागेवरून भांडत होती.

गायनपथक तुमच्याकडून गेले तेव्हा काय गेले, हे स्वतःला विचारा. काम गेले की ओळख गेली? 'गाणाऱ्या ताई' किंवा 'क्वायरवाले दादा' याखेरीज मंडळीत तुम्हाला कुणी ओळखत नसेल, तुम्ही स्वतःलाही तसेच ओळखत असाल, तर तो तरुण तुमची खुर्ची नाही, तुम्हालाच उचलून नेत आहे असे वाटणार. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली, की तू माझा प्रिय पुत्र आहेस, मी तुझ्याविषयी संतुष्ट आहे. मार्काच्या शुभवर्तमानात हे पहिल्याच अध्यायात येते. तोवर येशूने एकही रोगी बरा केलेला नाही, एकही दाखला सांगितलेला नाही. आधी संतोष आणि नंतर काम, हा क्रम आपण सेवेत उलटा करतो.

आणि यावरचे औषध कधी घ्यायचे, तेही लूक १० मध्ये आहे. पाठवलेले शिष्य आनंदाने परत आले, म्हणाले, प्रभू, तुझ्या नावाने भुतेसुद्धा आम्हांला वश होतात. येशूने त्यांना दाद दिली, पण सांगितले, याचा आनंद मानू नका; तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना. हे तो त्यांना अपयशी होऊन परतल्यावर समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. मोहीम जोरात यशस्वी झाली त्या दिवशी म्हणतो. आपण हे वचन निवृत्त झालेल्यांना आणि आजाऱ्यांना वाचून दाखवतो, तोवर उशीर झालेला असतो. पुढे कधी तुमच्याकडे काम आले आणि ते छान झाले, तर त्याच संध्याकाळी हे वाचा.

हे झाले आतले. पण नुसत्या चिंतनाने हात सुटत नाही; हात सोडायची सवय हातानेच लावावी लागते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा ५७ वा अध्याय कारागिरांबद्दल आहे. मठात कुशल कारागीर असतील तर त्यांनी नम्रतेने आपली कला चालवावी. पण आपल्या कौशल्यामुळे मठाला लाभ होतो असे वाटून कुणी फुगला, तर त्याला त्या कामावरून काढावे आणि तो नम्र होऊन मठाधिपतीने सांगेपर्यंत पुन्हा त्या कामाला लावू नये. आजच्या कानाला हे कठोर वाटते. पण त्याने काय पणाला लावले ते पाहा. चांगला कारागीर बाजूला झाला तर मठाचे उत्पन्न घटणार, वस्तू ओबडधोबड होणार. त्याला ते चालत होते. आपल्या मंडळ्यांत याच्या बरोबर उलट होते: माणूस जितका गुणी, तितके त्याच्या स्वभावाकडे डोळेझाक.

तुमच्या बाबतीत काम आधीच गेले आहे, तेव्हा उरते ते नीट सुपूर्द करणे. आणि खरे सांगा, ते तुम्ही केले आहे का? गाण्यांच्या वह्या, कुठले गाणे कोणत्या पट्टीत मंडळीला झेपते याची माहिती, कपाटाची किल्ली, ग्रुपचे अ‍ॅडमिनपद, कोण वेळेवर येते आणि कोणाला दोनदा फोन करावा लागतो हे सगळे. पद काढून घेतलेली माणसे बहुधा यातले काहीतरी मुठीत ठेवतात. 'त्याने विचारले तर सांगेन' असे म्हणतात. तो विचारणार नाही, कारण तो तुम्हाला घाबरतो. तुम्हीच जा. एका बैठकीत सगळे द्या, काही मागे ठेवू नका, आणि सल्ला मात्र एकही देऊ नका. सल्ला त्याने मागितला तर द्या, आणि त्याने तो पाळला नाही तर पुन्हा आठवण करू नका. हे बोलायला सोपे आहे. मला विचाराल तर सगळ्या उपवासांपेक्षा हे अवघड.

त्यानंतर मंडळीत खाली बसा. पहिले काही रविवार वाईट जातील. कान आपोआप चुका शोधतील; त्यांना ती सवयच लागली आहे, त्याबद्दल दर वेळी पश्चात्ताप करत बसू नका. ओठ हलवा, गा. तालीम घेणाऱ्याला गाताना पुढचे कडवे, पुढचा माणूस, माइकचा आवाज बघावा लागतो. तुम्ही कित्येक वर्षांत उपासनेत नुसते गायलाच नसाल. त्या तरुणासाठी रोज प्रार्थना करा, पण 'प्रभू, त्याला शिकव' अशी नको, कारण त्या वाक्यात तुम्ही पुन्हा शिक्षकाच्या खुर्चीत बसता. त्याची परीक्षा असेल, नोकरीचा शोध असेल, घरी आई आजारी असेल, त्यासाठी मागा. त्यासाठी आधी त्याची विचारपूस करावी लागेल. तेही बरेच.

तुमच्या बाजूने रागावणाऱ्यांपासून सावध राहा, हे मुद्दाम सांगतो. योहान ३ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे त्याचे शिष्य तक्रार घेऊन येतात, की ज्याच्याविषयी तू साक्ष दिलीस तो बाप्तिस्मा करतो आहे आणि सगळे त्याच्याकडे जात आहेत. योहानाला स्वतःला काही झालेले नाही. दुखावले आहेत ते त्याचे चाहते. 'त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा' हे प्रसिद्ध उत्तर त्यांच्या त्या कुरकुरीला दिलेले आहे. तुमच्याकडेही उपासनेनंतर दोघे-तिघे येत असतील: 'तुमच्याशिवाय मजा नाही', 'पूर्वीचे दिवस गेले'. ऐकायला अमृतासारखे लागते. त्यांना तिथेच थांबवा आणि त्या तरुणाची एखादी चांगली गोष्ट, खरी असेल ती, सांगा. तुम्ही गप्प राहिलात तरी ते तुमच्या वतीने गट तयार करतील, आणि मग तुम्ही इच्छा नसताना त्याचे पुढारी व्हाल.

सेवा थांबवावी का? रागाने थांबवू नका. 'बघू या माझ्याशिवाय कसे चालते' म्हणून घरी बसणे ही मीपणाचीच दुसरी चाल आहे, आणि तिची गोची अशी, की चालले तर तुम्ही दुखावता आणि नाही चालले तर तुम्ही सुखावता. पण ठरवून, पाळकांना सांगून, मुदत घालून घेतलेली विश्रांती वेगळी. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये आपल्या लोकांसाठी करार-उपासना, म्हणजे देवाशी केलेला करार नव्याने बांधण्याची उपासना, सुरू केली. अनेक मंडळ्यांत ती आजही नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. तिच्यात आज म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत, तुझ्यासाठी मला कामाला लाव किंवा तुझ्यासाठी मला बाजूला ठेव, अशा अर्थाची विनंती आहे. बाजूला ठेवले जाणे हेसुद्धा 'तुझ्यासाठी' असू शकते, ही कल्पना आपल्या सेवकांना कुणी शिकवत नाही. विश्रांतीच्या काळात तुमची अनुपस्थिती कुणाच्या लक्षातच आली नाही तर टोचेल. टोचू द्या.

त्या मुदतीनंतर काही हाती घ्यायचे असेल तर ज्यात आभार मानायची पद्धत नाही असे काम घ्या: आजाऱ्यांना भेटणे, उपासनेनंतर खुर्च्या उचलणे, नवख्या माणसाजवळ बसणे. फक्त कॅसियनचा कांदा लक्षात ठेवा. गुपचूप खुर्च्या उचलणारा माणूस ते गुपचूप असल्याचे दोन महिन्यांनी कुणालातरी सांगतोच. आपल्यात बदल झाला का हे स्वतः ठरवण्यापेक्षा घरच्यांना विचारा. मंडळीत मृदू आणि घरात तुसडा असा सेवक मंडळीला कधीच कळत नाही; घरच्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतो.

पाळकांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी. एकाच माणसाकडे एकच काम अनिश्चित काळ ठेवायचे, त्याला 'तुमच्याशिवाय होत नाही' म्हणत राहायचे आणि मग एके दिवशी त्याच्या अहंकारावर उपदेश करायचा, हे बरोबर नाही. सुरुवातीलाच मुदत सांगा, शेवटी समोर बसून बोला, सर्वांसमोर आभार माना. योहानाच्या तिसऱ्या पत्रात ज्याला पुढेपुढे करण्याची आवड होती असे म्हटले आहे तो दियत्रफेस मंडळीतला वजनदार माणूस होता, खालचा स्वयंसेवक नव्हे.

मीपणा पूर्ण जाईल का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. बर्णबाकडे पाहून उत्तर देतो. शौलावर (म्हणजेच पौलावर) यरुशलेमेत कुणी विश्वास ठेवत नव्हते तेव्हा बर्णबा त्याचा जामीन राहिला. अंत्युखियात काम वाढले तेव्हा तो तार्साला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. प्रेषित १३ च्या आरंभी नावे 'बर्णबा व शौल' अशी येतात. तो अध्याय संपायच्या आत 'पौल व बर्णबा' झालेली असतात. ज्याला आणले तो पुढे गेला, आणि बर्णबाने त्यावर एक शब्द काढल्याची नोंद नाही. इतका मोठ्या मनाचा माणूस. तरी दोन अध्यायांनंतर मार्काला बरोबर न्यायचे की नाही यावरून त्याचे आणि पौलाचे इतके कडाक्याचे वाजले की दोघे वेगळे झाले. त्यात कुणाचा किती हट्ट होता, लूक सांगत नाही. पुढे पौलाने तीमथ्याला लिहिले, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. म्हणजे बर्णबाने ज्याच्यासाठी भांडण केले त्याच्याबद्दल पौलाचे मत बदलले, पण त्याला कित्येक वर्षे लागली. तुम्हालाही वेळ लागेल, आणि मध्ये एखादे भांडणही होईल.

तूर्त या आठवड्यात पाळकांची वेळ मागा आणि न सांगता बदल केल्याचे वाईट वाटले, एवढेच शांतपणे सांगून या. गायनपथक परत मागू नका. ते झाल्यावर वह्या आणि किल्ली घेऊन त्या तरुणाकडे जा. क्रम हाच ठेवा; आधी तरुणाकडे गेलात तर पाळकांवरचा राग त्याच्यावर निघेल.